एका घरात एकच ॲडमिनिस्ट्रेटर

६ एप्रिल, रविवार. रामनवमी. दुपारी १२.४०

सुंठवडा खाऊन झाला आणि त्याच मुहूर्तावर घरच्या कॉम्प्युटरचाही जन्म झाला. जुनी सिस्टिम पुसून चिरागनं नवी कोरी टाकली. जुनी का बिघडली याबद्दल घरात दोन मतं आहेत. श्रियाचं मत, बाबांनी कुठल्याशा लॉटरीच्या खिडकीवर ‘होय’ दाबलं. माझं मत, व्होल्टेज.

चिराग म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी कॉम्प्युटरचं दुकान आहे त्याचा मालक. कामाला चांगला, बोलायला अघळपघळ. मला इकडच्या पद्धतीनं भिया, म्हणजे भाऊ, म्हणाला, मग जीभ चावून बाउजी म्हणाला. त्यानं माझं खातं काढलं, त्याखाली ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ असं आलं. वाचून बरं वाटलं. रिटायर झाल्यापासून माझ्या नावाखाली कोणी काही लिहिलं नव्हतं.

मग या गृहस्थानं माझ्यादेखत ‘घर’ नावाचं दुसरं खातं काढलं आणि तेही ॲडमिनिस्ट्रेटर! म्हणे, बाउजी, एक एक्स्ट्रा रेन दो, कल को पासवर्ड भूल गए तो काम आएगा. मी म्हटलं, देवासात राहतोस आणि असं बोलतोस? या गावात थोरली पाती आणि धाकटी पाती, एका रस्त्याच्या दोन बाजूंना दोन राजे होते. रस्त्यावर दिवा कोणी लावायचा यावरून खलिते जायचे. तो म्हणाला, जैसी आपकी मर्जी, और पोहे खाऊन गेला. (‘और’ नव्हे, ‘आणि’. याची संगत वाईट.)

तो गेल्याबरोबर ‘घर’ खातं उडवलं. आम्ही दप्तरदार. संस्थानचं दप्तर आमच्या पणजोबांच्या ताब्यात होतं आणि किल्ल्यांचा जुडगा त्यांनी कधी दुसऱ्याच्या हाती दिला नाही. श्रिया आणि विनीता यांना साधी खाती दिली. लेक आणि बायको असल्या तरी नियम म्हणजे नियम.

संकल्प: दर रविवारी पासवर्ड बदलणे.

७ एप्रिल, सोमवार

श्रियाला काहीतरी डाउनलोड करायचं होतं. सिस्टिमनं ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी मागितली. म्हणाली, बाबा, जरा पासवर्ड टाकून द्या ना. मी तिला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि टाकला. ती सत्तावीस वर्षांची आहे, कॉलेजात शिकवते, तुळशीच्या लग्नानंतर तिचं लग्न आहे. तरी उभी राहिली. शिस्त अशी लागते.

सकाळी दूध उतू गेलं. विनीता म्हणते, तुम्हीच ठेवलं होतं. मी ठेवलं असतं तर मला आठवलं असतं.

९ एप्रिल, बुधवार. धार

अक्काकडे आलो. अक्का माझी थोरली बहीण, ऐंशी ओलांडली, धारला दिली, तिथेच राहिली. गळ्याचा कॅन्सर निघाला आहे. या महिन्यात इंदूरला ऑपरेशन. डॉक्टरांनी श्रियाला स्पष्ट सांगितलंय की जीव वाचेल, स्वरयंत्र काढावं लागेल. म्हणजे नंतर आवाज नाही. हे लिहिताना हात थांबला, त्याचं कारण पेन आहे.

अक्काला स्वतःचं काही वाटत नाही, तिला ओव्यांची चिंता. आमच्या घराण्यात लग्नाआधी घाणा भरतात तेव्हा मुसळाच्या ठेक्यावर ओव्या म्हणायच्या असतात. दक्षिणेतून पहिली सून आली तिच्यापासून एकेका सुनेची एकेक ओवी. नवी सून येते, ती आपली जोडते. बाकीच्या बायकांना फक्त आपापली पाठ असते. विनीताची आहे ती अशी: ‘विनीता आली इंदूरची, तिचं पुरण पातळ झालं, सासूबाईंनी आमटी म्हणून सगळ्या पंगतीला वाढलं.’ पहिलीपासून शेवटपर्यंत सगळ्या येतात त्या एकट्या अक्काला. आईकडून आल्या. श्रियाचा हट्ट, माझ्या घाण्याला अक्काआत्याच गाणार, मशीनमधून का होईना. म्हणून फोनवर रेकॉर्डिंग.

‘कऱ्हेकाठून निघाली गाडी, बैल वाटेत थकले.’ अक्कानं सुरू केलं आणि मी ओसरीवर जाऊन बसलो. आवाज घोगरा, मधे पाणी प्यायला थांबत होती. ऐकायला मला वेळ नव्हता, शेजारचे मास्तर भेटले होते. आता कॉम्प्युटरवर येणारच आहे सगळं, नंतर निवांत ऐकू. मधेच अक्कानं आतून मला हाक मारली. श्री, ये, दोघं मिळून म्हणू, आईजवळ बसून तूही ऐकल्यायस. मी म्हटलं, मला पाठच आहेत.

परतताना बसस्टँडवर गर्दी होती. मी पुढे जाऊन जागा धरली. श्रिया धावत आली, म्हणाली, बाबा, ही डही गावाची, उलट्या दिशेची बस आहे, आपल्याला इंदूरमार्गे देवासला जायचंय. बोर्ड फार बारीक अक्षरात लिहितात हल्ली.

१० एप्रिल, गुरुवार

ओव्या फोनवरून कॉम्प्युटरवर घेतल्या. श्रिया म्हणाली, गूगलवर पण टाकून ठेवू. मी म्हटलं, अक्काचा आवाज परक्या मुलखात कुणाच्या कोठारात ठेवणार? दप्तराचा पहिला नियम: अस्सल एकच, जागा एकच, जबाबदार माणूस एकच. नकला झाल्या की अस्सल कुठली यावर भांडणं होतात. फोनमधलीही काढायला लावली. ती तयार नव्हती. माझ्यावर भरवसा नाही का, असं विचारलं तेव्हा काढली. फोन तसाही भरला होता, साड्यांचे फोटो.

मग संपूर्ण डिस्कला कुलूप घातलं. आता मशीन चालू करतानाच तोच पासवर्ड मागणार, तो दिल्याशिवाय आत काहीच नाही. सिस्टिमनं एक लांबलचक आकड्यांची किल्ली दाखवली आणि म्हणाली, ही सुरक्षित जागी ठेवा, कधी अडलं तर हिनंच उघडेल. या घरात सर्वांत सुरक्षित जागा आता कॉम्प्युटरच. ‘अत्यंत महत्त्वाचे’ असा फोल्डर काढून त्यातच ठेवली.

१३ एप्रिल, रविवार

पासवर्ड बदलला. इंग्रजी नावं आणि जन्मतारखा कोणीही ओळखतो, म्हणून या वेळी डोकं चालवलं. मराठी कीबोर्ड बसवला आणि पासवर्ड मराठीत! तोही साधा नाही. आमच्या आजोबांच्या बोलण्यातले शब्द, जे आता देवास-धारमध्ये कोणाच्या तोंडी नाहीत. चिराग तर सोडाच, श्रियासुद्धा हिंदीत शिकलेली, तिला असले शब्द उलगडणार नाहीत. अख्ख्या माळव्यात इतका पक्का पासवर्ड दुसरा नसेल.

इथे लिहीत नाही. ही रोजनिशी विनीताच्या हाती लागू शकते.

१६ एप्रिल, बुधवार. संकष्टी

विनीता उदबत्ती लावायला खोलीत आली तेव्हा मी टाइप करत होतो. तिनं पाहिलं असावं. बदलला.

मशीन बंद करायचं नाही, असा हुकूम काढला आहे. चालू राहिलं की सारखा पासवर्ड द्यावा लागत नाही. मी घरात नसलो की खोलीला कुलूप.

२० एप्रिल, रविवार. सायंकाळी ६

ठरल्याप्रमाणे बदलला. प्रत्येक नवा आधीच्याहून सरस होतो आहे. स्क्रीन मधेच आपोआप लॉक झाली होती, ती काही प्रयत्नांनी उघडली. मराठी कीबोर्ड हट्टी आहे.

जेवताना विनीता म्हणाली, तुम्ही अक्काच्या ऑपरेशनची तारीख सकाळपासून सारखी विचारताय. मी म्हटलं, तुला आठवतंय का ते बघत होतो. तिनं ताटात बघत सांगितलं, इंदूरला जातोच आहोत तर तिथल्या मेंदूच्या डॉक्टरांनाही एकदा दाखवू. माझ्या मानेसाठीच म्हणत असणार, पण ती दुखते हे तिनं कुठून काढलं कोण जाणे. मानेला मेंदूचा डॉक्टर कशाला?

संकल्प: घरात कमी बोलणे.

२३ एप्रिल, बुधवार

उद्या ऑपरेशन. निघायच्या गडबडीत पासवर्ड पुन्हा बदलला, कारण घर बंद राहणार. असा सुचला की मीच स्वतःला शाबासकी दिली.

२४ एप्रिल, गुरुवार. इंदूर

सकाळी अक्काला आत नेलं. हिरवा झगा, कपाळावरचं गंध पुसलेलं, हातातल्या पाटल्या काढून श्रियाच्या पर्समध्ये. नर्स म्हणाली, अब ज्यादा बात मत करो माताजी. अक्का तिला म्हणाली, आता नाही तर कधी करू बाई? नर्सला मराठी कळलं नाही, ती हसली.

मग अक्कानं माझा हात धरला. श्री, तेवढं सांभाळ.

मी म्हटलं, अगं, ॲडमिनिस्ट्रेटर मी आहे, निश्चिंत राहा. तिनं मान हलवली आणि ट्रॉली गेली. ती अक्काच्या आवाजातली शेवटची वाक्यं. मी बाहेर बाकावर बसून रडलो. विनीतानं रुमाल दिला. माझा रुमाल माझ्याच खिशात होता, हे नंतर लक्षात आलं.

२७ एप्रिल, रविवार. देवास

मी घर बघायला एकटा परत आलो. विनीता आणि श्रिया अक्काजवळ आहेत. ऑपरेशन नीट झालं. गळ्याला भोक ठेवलंय, त्यातून श्वास. पाटीवर लिहून बोलते. पहिलं वाक्य लिहिलं, ‘चहा पातळ आहे.’

घरी आलो तर इथे लाइट जाऊन आलेली. कॉम्प्युटर बंद पडला होता. चालू केला. काळी पाटी आली, पासवर्ड मागू लागली, पण मराठीत लिहायची सोयच नाही! कोपऱ्यात ते ‘म’ चं चिन्ह नाही, काही नाही. दाबेन ते इंग्रजीच उमटतं आणि ‘चूक’ म्हणून परत पाठवतं. आत गेल्यावर मराठी चालते, दारात चालत नाही.

हा मराठी भाषेचा सरळसरळ अपमान आहे. कंपनीला खरमरीत लिहिणार आहे.

२९ एप्रिल, मंगळवार

कंपनीला लिहायला पत्ता नाही. पत्ता कॉम्प्युटरवर बघावा लागेल.

श्रियाचा फोन आला. बाबा, हॉस्पिटलमध्ये आत्याला तिचं रेकॉर्डिंग ऐकवायचंय, एक-दोन ओव्या पाठवा ना. ती खूप उदास आहे. मी सांगितलं, मेंटेनन्स चालू आहे. हा शब्द चांगला आहे, पुढचा प्रश्न येत नाही.

१ मे, गुरुवार

पुढचा प्रश्न आला. कधी संपणार?

महाराष्ट्र समाजात महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम होता, मी दोन शब्द बोललो. विषय: दारात अडवलेली मराठी. टाळ्या पडल्या. अध्यक्ष म्हणाले, दप्तरदार, हे तुम्ही मघाशीही बोललात. माझ्या मते मुद्दा महत्त्वाचा असला की दोनदा मांडावा.

४ मे, रविवार

श्रिया आणि विनीता परत आल्या. अक्का अजून इंदूरलाच, श्रियाच्या मावशीकडे, टाके निघेपर्यंत. श्रिया आल्याबरोबर थेट कॉम्प्युटरपाशी गेली. मग मला विचारलं. मग चिरागला फोन केला. ॲडमिनिस्ट्रेटरला न विचारता.

चिराग आला. ‘घर’वाल्या खात्यानं निदान आत शिरून तरी बघू, म्हणाला. ते मी तेव्हाच उडवलं होतं. मग म्हणाला, रिकव्हरी वाली चाबी दे दो. सांगितलं, आत आहे, ‘अत्यंत महत्त्वाचे’ मध्ये. त्यानं मान खाजवली. बाउजी, आपने चाबी तिजोरी में रख के तिजोरी बंद कर दी. श्रिया खुर्चीवर बसली. मी म्हटलं, दोष कीबोर्डचा आहे, पासवर्ड मला ठाऊक आहे, फक्त तो मराठीत लिहू द्या.

आणि चिराग म्हणाला, बस इतनी सी बात? दुसऱ्या मशीनला ही डिस्क जोडतो, तिथे मराठी कीबोर्ड आहे, तुम्ही पासवर्ड टाका, सगळं उघडेल. उद्या मशीन घेऊन येतो.

म्हणजे माझंच खरं ठरलं. श्रियानं माझा हात घट्ट दाबला. म्हणाली, बाबा, सॉरी, मी उगाच चिडले. मी मोठ्या मनानं माफ केलं. विनीता मात्र स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

५ मे, सोमवार. सायंकाळी ७

चिराग मशीन घेऊन आला. डिस्क जोडली. आधी त्यानं तपासायला मला माझं नाव लिहायला लावलं. श्रीपाद. स्वच्छ मराठीत उमटलं. कीबोर्डमध्ये दोष नाही, हे मान्य करावं लागलं.

मग सगळ्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मी सांगायच्या आधीच. श्रियासुद्धा.

मी टाइप केला. चूक. काही शब्द ऱ्हस्वाचे दीर्घ करून पाहिले. चूक. मग रविवारचा टाकला. मग संकष्टीचा. तो बहुधा संकष्टीचाच होता. मग आजोबांचे शब्द एकेक करून टाकत गेलो, आणि कुठे कुठे ते शब्दच येईनात, नुसती आजोबांची पगडी डोळ्यांपुढे येत होती. मी म्हटलं, पाणी आणा. पाणी आलं. कोणी वळून बघत नव्हतं.

चिराग भिंतीकडे बघतच म्हणाला, आराम से याद करो बाउजी, कोई जल्दी नी है. इतक्या हळू आवाजात तो कधी बोलत नाही. मला त्याचा राग आला. मी सांगितलं, उकाडा फार आहे, उद्या थंड वेळेला टाकू.

तो मशीन इथेच ठेवून गेला. श्रिया खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. रडल्याचा आवाज येत होता. लग्न ठरलं की मुली हळव्या होतात.

६ मे, मंगळवार

थंड वेळेला टाकले. नाही.

११ मे, रविवार

नवा कार्यक्रम आखला आहे. सकाळी भिजवलेले बदाम, ब्राह्मीचं तेल, टेकडीला एक फेरी, आणि नंतर २३ तारखेला बसलो होतो त्याच खुर्चीत, तोच सदरा घालून बसायचं. म्हणजे आपोआप येईल. कोणता सदरा होता हे विनीताला विचारलं. ती म्हणाली, निळा. मला वाटतं पांढरा. दोन्ही घालून पाहिले.

टेकडीवरून उतरताना पलीकडच्या वाटेनं उतरलो. एक ओळखीचा रिक्षावाला होता, त्यानं घरी सोडलं. वेगळ्या वाटेनं चालावं, मेंदूला चांगलं.

श्रिया माझ्याशी बोलत नाही असं नाही. विचारलं तर उत्तर देते.

१८ मे, रविवार

अक्का आली. आता महिनाभर इथेच. गळ्याला पांढरा रुमाल, त्याखाली नळी. खोकली तर शिट्टीसारखा आवाज येतो, बाकी काही नाही. इतकी वर्षं या बाईच्या बोलण्याला मी वैतागत आलो. आज जेवताना घरात नुसता भांड्यांचा आवाज होता.

चहा झाल्यावर तिनं पाटीवर लिहिलं, ‘ऐकव.’

मी म्हटलं, कॉम्प्युटर सर्व्हिसिंगला दिलाय. कॉम्प्युटर तिच्या समोरच टेबलावर होता. तिनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पाटी पुसली. मग श्रियानं तिला सगळं सांगितलं. माझ्यासमोर. मी पेपर वाचत होतो.

अक्का रागावेल असं वाटलं होतं. रागावली असती तर बरं झालं असतं.

१९ मे, सोमवार

विनीतानं तोडगा काढला. आवाज नसला म्हणून काय झालं, अक्कांनी ओव्या लिहून द्याव्यात, चालीचं पुढे बघू. मीही हेच सुचवणार होतो.

अक्का पेन घेऊन बसली. पहिली ओळ लिहिली. मग थांबली. पेन ठेवून मांडीवर हातानं मुसळाचा ठेका धरला, ओठ हलवले, पुन्हा पेन घेतलं. नाही. परत ठेका. चार वेळा असं करून तिनं पाटीवर लिहिलं, ‘म्हटल्या की पुढची येते. नुसती येत नाही.’ म्हणजे तिलाही आठवत नाही! मी विनीताला म्हटलं, बघ, हे वयामुळे सगळ्यांनाच होतं. मला उगाच डॉक्टरकडे नेत होतीस.

विनीता म्हणाली, त्यांचा गळा कापलाय हो. तुमचा नाही.

२५ मे, रविवार

चिरागनं डिस्क इंदूरला मोठ्या दुकानात नेऊन दाखवली. तिथे सांगितलं, कुलूप उत्तम आहे. किल्ली किंवा पासवर्ड, तिसरा मार्ग नाही. इतकं पक्कं काम घरगुती माणसाकडून होत नाही, असंही म्हणाले म्हणे. हे चिरागनं सांगितलं तेव्हा मी थोडा ताठ बसलो. मग लक्षात आलं की बाकी कोणी तसं बसलेलं नाही.

श्रियाला कॉलेजच्या कामाला मशीन हवंच आहे. चिराग म्हणाला, पुसून नवी सिस्टिम टाकू? श्रिया अक्काकडे बघत होती. अक्कानं हात उचलून ‘टाक’ असं केलं. अक्कानंच. पुसताना स्क्रीनवर एक पट्टी भरत जाते. ती सुरू होईपर्यंत मी थांबायला सांगत होतो, मला येतच होता पासवर्ड, अगदी जिभेवर. चिराग थांबला सुद्धा. सगळे थांबले. पंखा फिरत होता.

मग मी म्हटलं, चालू दे.

नवी सिस्टिम झाली. चिरागनं विचारलं, ॲडमिन कौन? माझ्याकडे न बघता विचारलं. विनीता म्हणाली, श्रिया, और एक मेरा भी रख दो. दोन ॲडमिनिस्ट्रेटर. मला साधं खातं मिळालं. पासवर्ड नाही. माझा फोटो लावलाय, त्याच्यावर बोट ठेवलं की उघडतं. विनीता म्हणाली, तुम्हाला सोपं पडेल. आत पत्ते आहेत आणि पंचांग.

१ जून, रविवार. सकाळी १०

मंगळवारी इंदूरला जायचं आहे, त्या डॉक्टरांकडे. विनीतानं नंबर लावून टाकला. मी विरोध केला नाही, कारण मान खरंच दुखते.

आज सकाळी अक्का माझ्यासमोर येऊन बसली. श्रियाला खुणेनं बोलावलं, फोन काढायला लावला. पाटीवर लिहिलं, ‘तू म्हण. मला पुढची येईल. मी लिहीन.’ आईजवळ बसून ऐकलेले आता आम्ही दोघंच आहोत, आणि आवाज माझ्याकडे आहे. अक्काची युक्ती चांगली आहे, मान्य केलं पाहिजे. मी चाल धरायची, तिनं शब्द पुरवायचे. इतकं सोपं. श्रियाच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी उजेड दिसला. विनीतासुद्धा कणकेचे हात घेऊन दारात येऊन उभी राहिली.

अक्कानं मांडीवर ठेका धरला. मी सुरू केलं. कऱ्हेकाठून निघाली गाडी, बैल वाटेत थकले.

आवाज छान लागला. श्रियानं मान डोलावली. अक्कानं भराभर पाटीवर लिहिलं, ‘उमाबाई. ओटी. गहू.’ आणि पाटी माझ्यासमोर धरून हाताचा ठेका चालूच ठेवला. मी वाचलं. उमाबाई. ओटी. गहू. तिन्ही शब्द मला माहीत आहेत, उमाबाई म्हणजे दक्षिणेतून आलेली ती पहिली सून. चाल कुठून वळते तेवढं फक्त येईना. मी पुन्हा पहिल्यापासून घेतलं, बैल थकेपर्यंत आलो. मग पुन्हा पहिल्यापासून.

मला सगळ्या पाठ आहेत. आज जरा घसा बसला आहे, उद्या म्हणतो, असं सांगितलं.

विनीता आत गेली. श्रियानं फोन खाली घेतला. अक्का काही उठली नाही. पाटी तशीच धरून, दुसऱ्या हातानं मांडीवर ठेका देत, माझ्या तोंडाकडे बघत बसली आहे. हे लिहितोय तरी बसली आहे.